रुपयाचा प्रश्न आणि आपले वाचन

एप्रिल महिना आला की महाविद्यालयांतील व्याख्यानांत एक वाक्य हमखास ऐकू येते : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथामुळे रिझर्व्ह बँक स्थापन झाली. टाळ्या पडतात आणि तो ग्रंथ न उघडताच कपाटात राहतो. गौरवाने वाचनाची जागा घेतली आहे, अशी माझी तक्रार आहे. आणि ती प्रथम आम्हा मराठीच्या प्राध्यापकांविषयी आहे.

बाबासाहेबांची मूळ विद्याशाखा अर्थशास्त्र. १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठ, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन आणि १९२३ साली लंडनची डी.एस्सी. त्याच वर्षी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाला. प्रा. एडविन कॅनन यांनी मतभेद नोंदवूनही त्याला प्रस्तावना लिहिली.

१८९३ मध्ये टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीसाठी बंद झाल्या. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स असा बांधला गेला. या सुवर्ण विनिमय पद्धतीचे केन्स यांनी १९१३ मध्ये समर्थन केले होते. बाबासाहेबांचा आक्षेप मूलगामी होता. विनिमयदर स्थिर दिसला तरी देशातल्या देशात रुपयाची खरेदीशक्ती टिकेलच असे नाही. सरकारला हवे तितके रुपये पाडता आले तर महागाई अटळ आहे. म्हणून चलननिर्मितीवर कठोर मर्यादा हवी. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढील साक्षीतही त्यांनी ही भूमिका मांडली. मध्यवर्ती बँकेची शिफारस आयोगाने १९२६ मध्ये केली. ग्रंथाचा मुख्य युक्तिवाद मात्र चलनाच्या मर्यादेचा आहे. आपण त्यांना नको ते श्रेय देतो आणि खरे श्रेय विसरतो.

ते श्रेय एका प्रश्नाचे आहे. रुपया घसरला की निर्यातदाराला नफा होतो; पण तो येतो कोठून? किमती आधी वाढतात, मजुरी मागाहून. म्हणजे राष्ट्राचा म्हणून मिरवलेला लाभ पुष्कळदा एका वर्गाने दुसऱ्याकडून घेतलेला असतो.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीत कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला विनिमयदर हा शब्द ठाऊक नसेल. पण रुपया घसरला की आयात होणारे खाद्यतेल महागते. वेचणीचा किलोमागचा दर काही त्याच आठवड्यात वाढत नाही. शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये लिहिलेला प्रबंध तिच्या हिशेबाशी असा येऊन भिडतो.

‘हे अर्थशास्त्र विभागाचे काम’, असे सहकारी म्हणतील. मला ते पटत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण मांडून मग त्याचे खंडन करणारे गद्य हा आपल्याही अभ्यासाचा विषय आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात हा ग्रंथ आहे. पुढच्या जयंतीला भाषणाऐवजी त्यातले एक प्रकरण विद्यार्थ्यांसमवेत वाचावे, मराठीत समजावून घ्यावे आणि पटले नाही तेथे वादही घालावा.