सलाम शेवटच्या क्षणाला की रोजच्या ड्यूटीला?

दरवर्षी २६ नोव्हेंबरला सकाळच्या फॉल-इनमध्ये आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. मुंबईच्या हुतात्म्यांची नावे वाचली जातात. त्यांत तुकाराम ओंबळे हे नाव आले की आम्हा मराठी कॅडेट्सची मान जरा जास्तच ताठ होते. ते साहजिक आहे. पण मला वाटते, आपण ओंबळे यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या काही क्षणांनाच सलाम करतो. त्याआधी त्यांनी वर्षानुवर्षे जी नोकरी इमानाने केली, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते सन्मान आधी त्या नोकरीचा व्हायला हवा.

ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचे. केडंबे हे त्यांचे गाव. ते सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये होते आणि नायक म्हणून निवृत्त झाले. नायक म्हणजे बाहीवर दोन फिती, हे कॅडेट्सना सांगायला नको. सैन्यातली नोकरी संपल्यावर त्यांनी पुन्हा वर्दी चढवली. ते मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाले आणि २००८ साली डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते. त्यांच्या गाडीवर दिवा नव्हता, त्यांना बंगला नव्हता. नाकाबंदी, बंदोबस्त, रात्रपाळी, सणासुदीला घरापासून लांब राहणे, असे हे पोलीस ठाण्यातल्या माणसाचे आयुष्य असते.

त्या रात्री काय घडले ते थोडक्यात सांगतो. छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि कामा रुग्णालयाच्या परिसरात गोळीबार करून अजमल कसाब आणि इस्माईल खान हे दोघे पळाले. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी त्यांच्या गोळ्यांना बळी पडले होते. मग दोघांनी एक स्कोडा गाडी बळकावली आणि मरिन ड्राइव्हने निघाले. नियंत्रण कक्षाकडून गाडीची खबर मिळाल्यावर गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी लागली. अडथळे पाहून गाडी वळवायचा प्रयत्न झाला, पण ती दुभाजकावर आदळली. चकमकीत इस्माईल मारला गेला. कसाबने एके-४७ उचलली तेव्हा ओंबळे यांनी दोन्ही हातांनी तिची नळी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात शिरल्या, तरी त्यांनी पकड सोडली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. या झटापटीत त्यांचे सहकारी संजय गोविलकरही जखमी झाले.

एके-४७ची नळी इतक्या जवळून धरली तर काय होईल, हे एका माजी सैनिकाला ठाऊक नसेल असे कोण म्हणेल?

त्या पकडीचे मोलही समजून घेतले पाहिजे. हल्ला करणारे दहा होते. नऊ मारले गेले आणि एकटा कसाब जिवंत हाती लागला. १६६ जणांचा जीव घेणारे कुठून आले, त्यांना कोणी तयार केले आणि कसे पाठवले, हे सांगणारा माणूस न्यायालयासमोर उभा करता आला. २०१० साली त्याला फाशीची शिक्षा झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात ती अमलात आली. तोही त्या रात्री मेला असता, तर जगापुढे एवढा पक्का पुरावा ठेवणे फार अवघड गेले असते.

वर्गात यावर आमचा वाद झाला. एक मित्र म्हणाला, “नाकाबंदीला तर हजारो पोलीस उभे राहतात. नळी मात्र एकानेच धरली. मग सन्मान त्या धाडसाचाच व्हायला हवा ना?” त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ते धाडस ओंबळे यांचे स्वतःचे होते, त्याची बरोबरी होणार नाही. पण मध्यरात्र उलटल्यावर चौपाटीच्या त्या रस्त्यावर माणसे जागी आणि सावध नसती, तर गाडी सरळ निघून गेली असती. धाडस दाखवायची वेळच आली नसती. शंभर रात्री काही घडत नाही. तरी एकशे एकाव्या रात्री तितक्याच सावधपणे उभे राहणे, हेच पहाऱ्याचे काम.

आपल्या दिल्लीतले उदाहरण घ्या. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला, तेव्हा केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शिपाई कमलेश कुमारी प्रवेशद्वारावर ड्यूटीला होत्या. हातात शस्त्र नव्हते, फक्त वॉकीटॉकी होता. संशयित गाडी दिसताच त्यांनी इतरांना सावध केले आणि त्या गोळ्यांना बळी पडल्या. त्यांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. फाटकावरची ड्यूटी सगळ्यांत कंटाळवाणी मानली जाते. आपल्याकडेसुद्धा यादीत गार्ड ड्यूटीपुढे नाव दिसले की चेहरे उतरतात. देशातले दोन मोठे हल्ले आठवले तर दोन्हीकडे अशाच कंटाळवाण्या ड्यूटीवरचा माणूस आडवा आला, हे ध्यानात ठेवायला हवे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. ओंबळे यांच्यावरच्या भाषणांत एक वाक्य हमखास येते : “हातात फक्त लाठी होती!” त्यावर टाळ्या पडतात. मला वाटते, तिथे टाळ्या थांबल्या पाहिजेत. अशा रात्री माणसाच्या हातात फक्त लाठी असणे ही अभिमानाची गोष्ट कशी होईल? शौर्य त्यांचे, पण उणीव आपली. त्या हल्ल्यानंतर पोलिसांच्या तयारीची चौकशी करायला महाराष्ट्र सरकारने राम प्रधान समिती नेमली आणि पुढे फोर्स वन हे कमांडो दल उभारले. जो समाज रोजच्या ड्यूटीची कदर करतो, तो त्या ड्यूटीला लागणारी साधनेही वेळेवर देतो. फोटोला हार घालणे त्यापेक्षा फार स्वस्त आहे.

सन्मान झाला नाही असे मी म्हणत नाही. २६ जानेवारी २००९ रोजी इथेच, दिल्लीच्या राजपथावर, आजच्या कर्तव्यपथावर, ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्याच समारंभात करकरे, कामटे, साळसकर, मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि दिल्ली पोलिसांचे इन्स्पेक्टर मोहनचंद शर्मा यांनाही तोच सन्मान मिळाला. अधिकारी आणि सहायक फौजदार एकाच रांगेत, हे मला फार आवडते. गिरगाव चौपाटीवर ओंबळे यांचा पुतळा आहे. २०१९ साली संशोधकांनी उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला ‘आयसियस तुकारामी’ असे त्यांचे नाव दिले. झेप घेऊन पकडणाऱ्या जीवाला हे नाव शोभते.

आता आपण काय करायचे? माझ्या दोन सूचना आहेत.

पहिली, इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाला आपण भेट देतो, तशी चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकालाही द्यावी. २०१८ साली उभ्या राहिलेल्या या स्मारकाच्या भिंतीवर कर्तव्यावर प्राण गेलेल्या ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावे आहेत. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याशी लढताना दहा पोलीस धारातीर्थी पडले. सहलीसाठी याहून योग्य दिवस नाही.

दुसरी सूचना साधी आहे. आपल्याकडे नेमबाजीला, ड्रिलला, घोडेस्वारीला बक्षीस आहे. वर्षभर गार्ड ड्यूटी एकदाही न चुकवणाऱ्या कॅडेटलाही एक बक्षीस असावे आणि त्याला तुकाराम ओंबळे यांचे नाव द्यावे.

पालकांनाही एक विनंती. मुलाने अधिकारी व्हावे असे तुम्हांला वाटते, आम्हांलाही वाटते. पण “नाहीतर साधा शिपाई होशील” हे वाक्य घरात वापरू नका. देशाचा सर्वांत मोठा पुरावा एका साध्या शिपायाने स्वतःच्या हातांनी धरून ठेवला होता.

येत्या २६ नोव्हेंबरला दोन मिनिटे जरूर उभे राहू. मग फॉल-आऊट झाल्यावर, फाटकावर रात्रभर जागलेल्या आपल्या चौकीदारकाकांनाही एक कडक सलाम ठोकू. तो ओंबळे यांनाच पोचेल.

जय हिंद!