निर्वंश म्हणजे काय गं आई?

गेल्या वर्षी या सदरात भाजणीबद्दल लिहिलं, तेव्हा प्रमाण विचारायला कितीजणींचे फोन आले. या वर्षी फराळाचं काही नाही. या वर्षी एका कागदाची गोष्ट सांगायची आहे.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही साताऱ्याचं घर आवरायला गेलो होतो. सासरे गेल्यापासून ते बंदच होतं. माळ्यावरच्या ट्रंकेत लग्नपत्रिका, रेशनकार्डं, विजेची बिलं आणि सगळ्यांच्या तळाशी एक गुंडाळी सापडली. चार हात लांब कागद, मागून मांजरपाट चिकटवलेला. आमच्या घराण्याची वंशावळ! आजेसासऱ्यांनी १९६२ साली जुन्या मोडी वहीवरून बाळबोध अक्षरात उतरवलेली. नऊ पिढ्या, चौसष्ट नावं. अक्षर असं की, माझ्या वर्गात असते तर फळ्यावर सुविचार लिहायला रोज त्यांनाच उभं केलं असतं.

माझी लेक नऊ वर्षांची. मंडळाच्या रविवारच्या शाळेत नुकतीच जोडाक्षरं शिकली आहे, त्यामुळे दिसेल ते वाचत सुटते. फरशीवर पालथी पडून ती एकेक चौकट वाचत होती. एका नावापाशी अडखळली.

"नि... र्वं... श. आई, निर्वंश म्हणजे काय गं?"

"ज्यांना पुढे मूलबाळ नव्हतं ते," मी म्हणाले.

नवरा वाकून बघत होता. तो म्हणाला, "हे तर मिरजेच्या आत्याचे वडील."

मिरजेची आत्या म्हणजे सासऱ्यांची चुलत बहीण. वय वर्षं शहाऐंशी, तब्येत खणखणीत. त्या दोघी बहिणी. धाकटी आता नाही. भाऊ नव्हता.

लेकीने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा बाबाकडे. "मग बाबा, तूपण निर्वंश?"

ती आमची एकुलती एक. नवरा हसला, पण उत्तर काही त्याला देता आलं नाही. मलाही नाही. तेव्हा मी ते चौसष्टच्या चौसष्ट पुरुषच आहेत हे मोजून पाहिलं. नऊ पिढ्यांत एकही बाई नाही. बायकांशिवाय हे घराणं पुढे कसं सरकलं कोण जाणे!

आता इथे जरा इंग्लंडात येऊ या, कारण या कोड्याचं उत्तर मला इथल्या एका छंदात सापडलं.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा दुपार मोकळी मिळू लागली. शेजारच्या आजींनी गावातल्या लायब्ररीत भरणाऱ्या 'फॅमिली हिस्टरी'च्या बैठकीला नेलं. मी गेले ती खरं तर चहा-बिस्किटांसाठी. तिथे कळलं की इकडे हजारो लोक जुन्या नोंदवह्यांची पानं वाचून संगणकावर टंकित करतात, तेही फुकट, आणि कुणीही ती फुकट शोधू शकतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद होते. त्या नोंदींच्या सूची उतरवून काढायचं 'फ्रीबीएमडी'चं काम १९९८ साली सुरू झालं. त्याचंच धाकटं भावंड म्हणजे 'फ्रीरेज'. ते चर्चच्या वह्यांमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं उतरवतं. मी या दुसऱ्यात नाव घातलं. पाचवीच्या चाळीस पोरांची अक्षरं लावलेली बाई मी, दोनशे वर्षांपूर्वीच्या पाद्रीबाबाच्या अक्षराला काय भिते!

या कामाचा पहिला नियम सोपा आणि फार जाचक आहे : जे दिसतं तेच लिहायचं. पाद्रीने नाव चुकीचं लिहिलं असलं तरी आपण सुधारायचं नाही. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने भरायचं नाही, शंका आहे अशी खूण करायची. सुरुवातीला माझा हात शिवशिवायचा. लाल पेनाची सवय! पण हळूहळू पटलं. मी आज जी 'चूक' सुधारीन, तोच उद्या कुणाचा तरी एकमेव धागा असू शकतो.

दुसरं एक लक्षात आलं. १८१३ पासून इथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या छापील तक्त्याच्या झाल्या. त्यात बाळाचं नाव, आईबापांची पहिली नावं आणि आडनाव मात्र एकच, बापाचं. आईचं माहेर गायब. सरकारी जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव यायला १९११ उजाडलं. आणि लग्नाच्या नोंदीत? वधूवरांच्या वडलांची नावं आणि धंदे १८३७ पासून आहेत. आयांची नावं तिथे आली ४ मे २०२१ रोजी. हो, २०२१! तेव्हा आमच्या आजेसासऱ्यांना एकट्यांना काय बोल लावायचा?

तिसरा धडा आगीचा. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ साली गोदामाला आग लागून जळून गेली. १९४१ साली युद्धामुळे जनगणना झालीच नाही. एकाच जागी एकच प्रत ठेवली की काय होतं ते एवढ्यावरून समजा. आमची एकच प्रत तर साताऱ्याच्या माळ्यावर, उंदरांच्या शेजारी होती.

मग घरचंच काम अंगावर घेतलं. न्यूजर्सीची जाऊ, दुबईचा दीर, पुण्याची भाची आणि मी असे चौघे स्वयंसेवक. कागदाचे आणि मोडी वहीचे फोटो खिडकीतल्या उजेडात काढले, फ्लॅश बंद, चारही कडा दिसतील असे, पानांना क्रमांक देऊन. प्रत्येक पान दोघांनी एकमेकांचं न बघता उतरवायचं आणि मग ताडून पाहायचं असं ठरवलं. मोडीसाठी भाचीने पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकांना गाठलं. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो. एका नावाची आम्ही तीन वाचनं केली आणि तिन्ही नोंदवली. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी किती मागणी आली होती आठवतं ना? कुणाच्या कपाटातला कुठला कागद कधी मोलाचा ठरेल, सांगता येत नाही.

सगळं नेटवर चढवायची वेळ आली आणि गाडं 'निर्वंश'पाशी अडलं. जाऊबाई म्हणाल्या, तो शब्द काढूनच टाकू, कशाला ते अभद्र. मोठे काका, म्हणजे माझे चुलत सासरे, साताऱ्यातच असतात, वय ब्याऐंशी. त्यांना कळलं. रात्री दहाला फोन.

"सूनबाई, दादांच्या हातचं आहे ते. त्यातलं एक अक्षर बदलायचं नाही."

आता गंमत बघा. माझा स्वतःचा नियम काकांच्या बाजूने होता! जे दिसतं तेच लिहायचं. मी म्हटलं, "काका, बदलणार नाही. शब्द देते." पण लेकीचा प्रश्न डोक्यातून जाईना.

शेवटी रविवारी आत्यांना व्हिडिओ कॉल लावला. घरातल्या बायकांची नावं विचारायची आहेत, एवढंच सांगितलं. आत्या बोलू लागल्या ते तासभर. कोण वाईची, कोण कऱ्हाडची, कोण बाळंतपणात गेली, कुणी सवतीची मुलं वाढवली. नावं मात्र दुहेरी. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की माहेरचं पुसलं जायचं. तीन सुना लागोपाठ 'लक्ष्मी' झाल्या. त्यांच्यातल्या दोघींची जन्माची नावं आत्यांना त्यांच्या आईकडून ऐकून पाठ होती. तिसरीचं कुणालाच माहीत नाही, आत्यांनाही नाही.

मग मी चाचरत विचारलं, "आत्या, त्या वंशावळीत तुमच्या बाबांच्या नावाखाली..."

"निर्वंश लिहिलंय," त्या म्हणाल्या. "माहितीये मला. लिहीत होते तेव्हा मी तिथेच होते. सगळ्यांसाठी पोहे केले होते मी त्या दिवशी."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

थोड्या वेळाने मी विचारलं, "तुम्हा दोघींची नावं घालू तिथे? तुमची हरकत नसेल तर."

"बाबांच्या खाली?"

"हो."

"घाल. आधी धाकटीचं घाल. तिला फार लागलं होतं ते."

काय केलं सांगते. मूळ कागदाचा फोटो जसाच्या तसा ठेवला. शेजारी त्याची अक्षरशः नक्कल, 'निर्वंश'सकट. आणि त्यानंतर वेगळा, नवा तक्ता, आज आम्हाला जे माहीत आहे त्याचा. त्यात आत्यांच्या वडलांखाली दोन मुली, पाच नातवंडं, अकरा पतवंडं. प्रत्येक नावापुढे एक रकाना : हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं. आजेसासऱ्यांचा शब्द त्यांच्यापाशी राहिला आणि आत्यांचा आत्यांपाशी. बायकांची नोंद माहेरच्या नावाने, सासरचं नाव शेजारी. तिसऱ्या लक्ष्मीच्या माहेरच्या नावाची जागा रिकामी ठेवली आहे, प्रश्नचिन्हासह.

काकांना दुवा पाठवला. महिनाभर काही उत्तर नाही. मग पितृपक्षात त्यांच्याकडून तीन फोटो आले, सोबत मजकूर काही नाही. गुरुजींसमोर ठेवायची श्राद्धाची यादी! श्राद्धात वडील-आजोबा-पणजोबांबरोबर आई, आजी, पणजीचंही नाव गोत्रासह घेतात. शिवाय आईचे वडील, आजोबा, पणजोबा. महालयात तर काकू, आत्या, बहिणीही येतात. म्हणजे मी जी नावं जगभर शोधत होते, ती काका दरवर्षी स्वतःच्या तोंडाने घेत होते. दोन माहेरं त्या गोत्रांवरून आणि आडनावांवरून सापडली. मी आभाराचा फोन केला तर म्हणाले, "ते ठीक आहे. पण दादांच्या कागदाला हात लावला नाहीस ना?" नाही लावला, काका.

आत्यांच्या आईचं माहेरचं नाव मी इथे छापत नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करून नाव मिळवलं आणि अंकात नाही? आत्यांनी ते घरासाठी सांगितलं, अंकासाठी नाही. कुणाची परवानगी कशासाठी आहे हे या कामात फार जपावं लागतं. आमच्या तक्त्यातही दिवंगतांचा भाग खुला आहे, हयात माणसांचा फक्त घरच्यांना दिसतो. जन्मतारखा, पत्ते, फोन तर नाहीतच. इथल्या बँका ओळख पटवायला अजूनही आईचं माहेरचं आडनाव विचारतात, तेव्हा हौसेच्या भरात ते गावभर लावू नका. इथल्या सरकारचीही जनगणनेतली नावं शंभर वर्षं बंद असतात. १९२१ ची २०२२ साली खुली झाली.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अशी गुंडाळी नसेल. नसू दे. मुंज-लग्नाच्या पत्रिका असतील, ज्यांच्यावर 'आपले नम्र' म्हणून अख्खं घर छापलेलं असतं. शाळेचे दाखले, सातबारा असतील. अस्थी घेऊन नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला कुणी गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घरच्यांनी नावं लिहिलेली असतील. नाहीतर गुरुजींची यादी आहेच. आणि या सगळ्यांच्या आधी, घरातली सगळ्यात म्हातारी बाई आहे.

भाऊबीजेला आपण सगळेच फोन लावणार. शुभेच्छा देऊन झाल्या की तिला विचारा, "तुमच्या आईचं माहेरचं नाव काय हो?" कागद-पेन जवळ असू द्या, आजची तारीख लिहा आणि ती सांगेल तसंच लिहा. दुरुस्त करू नका.

मोडी वाचता येणारं कुणी इथे मंडळात असेल तर मला जरूर कळवा. वहीची अकरा पानं अजून बाकी आहेत आणि तिसरी लक्ष्मी कदाचित त्यांतच कुठेतरी असेल. लेकीने नव्या तक्त्यात बाबाच्या नावाखाली स्वतःचं नाव स्वतः टंकित केलं आहे. वेलांटी चुकवली होती. ती मात्र मी सुधारली, कारण ती हयात आहे आणि तिची हरकत नव्हती.

दिवाळीच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा!