तारामैत्रक

आमच्या महाविद्यालयाच्या आवारात सध्या सर्वांत अधिक चर्चिला जाणारा विषय रसायनशास्त्र आहे. ही चर्चा प्रयोगशाळेत होत नाही, उपाहारगृहात होते. शाळा सुटल्यापासून ज्यांनी परीक्षानळीला बोट लावलेले नाही, अशी माझ्या मराठीच्या वर्गातली मुलेमुलीही या शास्त्रात पारंगत आहेत. अमक्याची तमकीशी केमिस्ट्री जुळली, अमक्याची जुळता जुळेना, असे अहवाल रोज कानांवर येतात. आणि हे सारे म्हणे पहिल्याच भेटीत, चहाचा कप टेबलावर येण्याच्या आत कळते.

मुलांना हसण्याचे कारण नाही. ही उपमा काल-परवाची नव्हे. टॉर्बर्न बेर्गमन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली पदार्थांच्या निवडक आकर्षणावर एक प्रबंध लिहिला. कोणते द्रव्य जुना जोडीदार टाकून कोणाला जाऊन बिलगते, याची कोष्टकेच त्याने मांडली. गटेने हीच कल्पना उचलून १८०९ साली कादंबरी लिहिली. एक सुखवस्तू जोडपे, त्यांचा एक मित्र आणि एक तरुण मुलगी असे चौघे एका वाड्यावर एकत्र येतात, गप्पांत हे शास्त्र निघते आणि पुढे चौघेही भांड्यातल्या द्रव्यांप्रमाणे वागू लागतात. कादंबरी संपते तेव्हा एक तान्हे मूल आणि दोन मोठी माणसे जिवाला मुकलेली असतात. केमिस्ट्रीचे गोडवे गाणाऱ्यांना हा शेवट सहसा कोणी सांगत नाही.

आपल्याकडे या अनुभवाला याहून कितीतरी जुना आणि, मराठीच्या मास्तराचा पक्षपात गृहीत धरून सांगतो, याहून देखणा शब्द आहे : तारामैत्रक. आठव्या शतकातल्या भवभूतीने, म्हणजे आपल्या विदर्भाच्याच कवीने, ‘उत्तररामचरिता’त तो लोकांच्या तोंडचा म्हणून नोंदवून ठेवला आहे. तारा म्हणजे नक्षत्र, आणि तारा म्हणजे डोळ्यातली बाहुलीसुद्धा. दोन्ही अर्थ घ्या, शब्द तोलून धरतो. मौज अशी, की तिथला प्रसंग प्रेमिकांचा नाहीच. लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतू आणि लव एकमेकांपुढे उभे ठाकले आहेत ते लढायला. आपण भाऊ-भाऊ आहोत हे दोघांनाही ठाऊक नाही, तरी पाहताक्षणी मने ओढ घेतात. शेजारच्या बिऱ्हाडी नव्याने आलेल्या बाईंशी आपल्या आईची पहिल्याच दिवशी गट्टी कशी जमते, याचे उत्तरही याच शब्दात असावे.

बाहुलीचा अर्थ तर शास्त्रज्ञांनीही उचलून धरला. एकहार्ड हेस या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली दाखवून दिले, की मनाला ओढणारी गोष्ट दिसली की डोळ्याची बाहुली मोठी होते. चला, भवभूती जिंकला! पण त्याच हेसला १९६४ साली आढळले, की माणूस मनातल्या मनात गुणाकार करीत असतानाही बाहुली तशीच मोठी होते. तेव्हा समोरच्याची बाहुली विस्फारली म्हणून मुलींनी हुरळून जाऊ नये. तो तुमचा पगार आणि त्याचा पगार यांचा हिशेब मांडत असेल.

पहिली नजर किती झटपट निकाल देते, याचीही मोजणी झाली आहे. २००६ साली प्रिन्स्टन येथे विलिस आणि टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवले. तेवढ्यात हा माणूस देखणा, हा विश्वासाचा, हा भांडखोर, अशी मते पक्की झाली. पुढे अधिक वेळ दिला तेव्हा मते फारशी बदलली नाहीत. वाढला तो मुख्यतः स्वतःच्या मतावरचा विश्वास.

मला सर्वांत आवडतो तो कॅनडातला पूल. व्हँकूव्हरजवळ कॅपिलानो नदीवर दरीत लोंबणारा एक झुलता पूल आहे; खाली सुमारे २३० फुटांवर पाणी. डटन आणि अ‍ॅरन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक तरुणी त्या पुलावर पुरुषांना गाठून चार प्रश्न विचारी आणि काही शंका असल्यास कळवा म्हणून आपला दूरध्वनी क्रमांक देई. जवळच्याच एका भक्कम, ठेंगण्या पुलावरही तिने हेच केले. भक्कम पुलावर क्रमांक घेणाऱ्या १६ जणांपैकी दोघांनी दूरध्वनी केला. झुलत्या पुलावरच्या १८ पैकी ९ जणांनी! छाती धडधडत होती ती दरीमुळे, गडी समजले की या मुलीमुळे. गणपतीच्या मिरवणुकीत, एकांकिका स्पर्धेच्या विंगेत, गडाच्या कड्यावर इतकी लग्ने का ठरतात, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

हे सारे माझ्या वहिनींच्या कानांवर घालण्यात अर्थ नव्हता. त्या वेगळ्याच काळजीत होत्या. “भाऊजी, पाच मुलं झाली बघून. शिकलेली, निर्व्यसनी, घरची चांगली. आणि ही म्हणते, केमिस्ट्री नाही. दहा मिनिटांत कळतं हिला! आमच्या वेळी असले चोचले नव्हते.”

नव्हते हे खरे, पण ते सगळ्यांनाच नव्हते असे नाही. पाहण्याच्या कार्यक्रमात पाहण्याचा हक्क एकाच बाजूला असे. मुलगा आणि त्याची चार माणसे मुलीला चालवून, बोलवून, वाचायला लावून बघत आणि घरी जाऊन “पसंत नाही” एवढे दोन शब्द कळवीत. कारण द्यावे लागत नसे. ही केमिस्ट्रीच नव्हे तर दुसरे काय होते? माझ्या आजीने आजोबांचे पायच तेवढे पाहिले होते. चेहरा दिसला तो अंतरपाट दूर झाल्यावर. आज पुतणी मान वर करून बघते आणि नाही म्हणते, यात मला तरी चोचले दिसत नाहीत. तिने नाही जरूर म्हणावे. दहाव्या मिनिटाला म्हणावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून मी तिला ‘शाकुंतला’ची आठवण दिली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले ते पहिल्या चार अंकांचे. म्हणजे त्या रात्री प्रेक्षकांनी नजरभेट, गांधर्वविवाह आणि सासरची पाठवणी एवढेच पाहिले असणार. राजा भर दरबारात “मी हिला ओळखत नाही” म्हणतो तो पाचवा अंक त्या रात्री झालाच नाही. आणि एकांतातले संबंध पारखून जोडावेत, हे शार्ङ्गरवाचे कडू बोल आहेत नेमके त्याच अंकात.

“पण काका, दुष्यंत विसरला तो शापामुळे,” ती म्हणाली.

“शापाची सोय कालिदासाने केली. महाभारतातल्या दुष्यंताला शापबिप काही नव्हता. त्याला सगळे आठवत होते, तरी तो नाही म्हणाला.”

यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “आणि ज्याच्याबद्दल पहिल्या भेटीत काहीच वाटलं नाही, त्याच्याबद्दल कालिदास काय म्हणतो?”

कालिदास त्यावर काही म्हणत नाही. नाटक होण्याजोगा तो विषय नव्हे. तो चाळीतल्या जिन्यावर, कचेरीतल्या डब्याच्या टेबलावर, रोजच्या पावणेदहाच्या बसमध्ये घडतो, आणि घडायला त्याला महिने लागतात. मी एवढेच म्हणालो, की तिसरा मुलगा घामाघूम झाला होता असे तूच सांगत होतीस. त्या दिवशी त्याच्या पायाखाली दोनशे फुटांची दरी असेल.

पुढच्या रविवारी ती त्याला पुन्हा भेटणार आहे. वहिनींना हे मी अजून कळवलेले नाही. कळवले, तर त्या सोमवारी पत्रिका छापायला टाकतील.