परदेशीं खपणारी मोटारसायकल आपल्याकडे चालेल काय?

गेल्या पावसाळ्यांत एका शनिवारीं आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळानें एक निराळाच विषय घेतला. "परदेशांत लोकप्रिय झालेली मध्यम आकाराची साहसी मोटारसायकल भारतांत यशस्वी होईल" असा तो ठराव होता. एरवीं "खेडें बरें कीं शहर बरें" अशा विषयांवर जांभया देणारीं मुलें त्या दिवशीं बांकांवरून उठून बोलूं लागलीं. ठरावाच्या बाजूनें जवळजवळ सर्व मुलगे होते. अध्यक्ष या नात्यानें मला मत देण्याचा अधिकार नव्हता. म्हणून सभेंत जें बोलतां आलें नाहीं तें या वार्षिकांत लिहिण्याची परवानगी मीं संपादकांकडून मागून घेतली आहे. विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या आईवडिलांनींहि तें वाचावें अशी माझी इच्छा आहे. कारण गाडीची हौस मुलाची असली तरी तिची किंमत बहुधा बापाच्या खिशांतून जाते.

ज्या वाहनाविषयीं बोलावयाचें तें कसें असतें हें प्रथम पाहूं. ही गाडी उंच असते. तिचें पुढचें चाक मोठें, हँडल रुंद व शॉकॲब्सॉर्बर लांब पल्ल्याचे असतात. त्यामुळें खडकाळ वाटेवर चाक वरखालीं झालें तरी स्वाराचा तोल सांभाळला जातो. पेट्रोलची टाकी मोठी, पुढें वारा अडविणारी कांच, मागें सामानाच्या पेट्या बसविण्याची सोय. युरोपांत अशा गाड्यांचें इंजिन हजार-बाराशें सी.सी.चेंहि असतें, म्हणून तेथें चारशें-पांचशें सी.सी.ची गाडी मध्यम, कित्येकांच्या मतें तर नवशिक्याची, समजली जाते. आपल्याकडे बहुसंख्य कुटुंबांचा संसार शंभर-सव्वाशें सी.सी.च्या गाडीवर चालतो. येथें तीच चारशेंची गाडी मोठी ठरते. म्हणजे "मध्यम" हा शब्दच समुद्र ओलांडतांना आपला अर्थ बदलतो. शिवाय तेथें ती घरांतील मोटारीच्या जोडीला सुट्टीसाठीं घेतलेली दुसरी किंवा तिसरी गाडी असते. येथें ती बहुतेक घरांत एकुलती एक गाडी होणार.

आतां अनुमानापेक्षां अनुभव काय सांगतो तें पाहावें. कावासाकी कंपनीनें आपली व्हर्सिस-एक्स ३०० ही गाडी नोव्हेंबर २०१७ मध्यें भारतांत आणली. तिची किंमत शोरूममध्येंच चार लाख साठ हजार रुपये होती. त्याच वेळीं रॉयल एनफील्डची ४११ सी.सी.ची हिमालयन, वेगानें मंद असली तरी, तिच्या निम्म्याहून कमी किंमतींत मिळत होती. गिऱ्हाईक कोठें वळलें हें सांगावयास नको. थोड्याच वर्षांत व्हर्सिस-एक्स बाजारांतून दिसेनाशी झाली. २०२५ सालीं ती परत आली तेव्हां तिची किंमत पूर्वीपेक्षां सुमारें ऐंशीं हजारांनीं उतरली होती. होंडाची सीबी ५००-एक्स मार्च २०२१ मध्यें सहा लाख सत्त्याऐंशीं हजारांना आली, आणि पुढच्याच वर्षीं कंपनीला ती किंमत सुमारें एक लाखानें कमी करावी लागली. बेनेल्लीची टीआरके ५०२ ही तर २०२१ सालीं इटलींत, स्कूटरी वगळल्यास, सर्वांत अधिक खपलेली मोटारसायकल होती. आपल्याकडे ती फेब्रुवारी २०१९ मध्यें पांच लाखांना आली. पण इटलीच्या रस्त्यांवरील तें वैभव तिला येथें लाभलें नाहीं. तिच्या कंपनीची पुण्यांतील पहिली भागीदारी त्यापूर्वींच मोडून २०१८ सालीं हैदराबादच्या एका उद्योगसमूहानें तें काम हातीं घेतलें होतें. भागीदार बदलला म्हणजे उद्यां सुटे भाग कोण देणार, हा प्रश्न घेणाऱ्याच्या मनांत उभा राहतोच.

केवळ किंमत हेंच कारण म्हणावें तर हीरो कंपनीच्या इम्पल्सची गोष्ट आड येते. होंडाच्या ब्राझीलमध्यें चालणाऱ्या एका गाडीवरून घेतलेली ही दीडशें सी.सी.ची गाडी २०११ सालीं निघाली. किंमत आवाक्यांतील होती, तरी ती फारशी खपली नाहीं व कांहीं वर्षांनीं बंद झाली. डांबरी रस्ता सोडून गाडी नेण्याची हौस तेव्हां आपल्याकडे रुजली नव्हती. त्याच कंपनीनें २०१९ सालीं एक्सपल्स २०० आणली, तेव्हां मात्र तिला चाहते मिळाले. पेरणी वेळेआधीं केली तर चांगलें बींहि वायां जातें, हें शेतकऱ्याच्या मुलांना मीं सांगावयास नको.

मग ठरावाच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें होतें काय? तसेंहि नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, खेड तालुक्यांतील चाकण येथें, बजाजचा कारखाना आहे. बजाजनें ऑस्ट्रिया देशांतील केटीएम कंपनीशीं २००७ सालीं संबंध जोडला. त्या संबंधांतून चाकणला तयार झालेली केटीएम ३९० ॲडव्हेंचर जानेवारी २०२० मध्यें तीन लाखांच्या आंत मिळूं लागली, आणि तेथूनच ती परदेशांतहि गेली. हिमालयन तर २०१६ सालीं आपल्याच डोंगरी रस्त्यांसाठीं आखली गेली. पुढें तीच युरोपांत विकली गेली, व २०२३ च्या अखेरीस तिची ४५२ सी.सी.ची नवी आवृत्ति निघाली. यावरून मला असें दिसतें कीं, "परदेशीं खपते म्हणून येथें खपेल" हें अनुमान चुकीचें आहे. परंतु "येथें घडली, येथील माणसास परवडली, तर येथें खपेल व परदेशींहि खपेल" हें म्हणणें अनुभवास धरून आहे.

सभेच्या अखेरीस नववीच्या वर्गांतील एका मुलीनें विचारलें, "सर, ती गाडी पौडला दुरुस्त होईल का?" सभा हंसली. मला मात्र साऱ्या भाषणांत हाच प्रश्न मोलाचा वाटला.

चांदणी चौकांतून भूगांव, पिरंगुट, पौड करीत मुळशी धरणाच्या कडेनें ताम्हिणी घाटांत जाणारा आपला रस्ता पावसाळ्यांतील शनिवार-रविवारीं अशा उंच गाड्यांनीं गजबजतो. स्वारांच्या अंगांत जाड जाकिटें असतात, गुडघ्यांवर कवचें असतात. धबधब्यापाशीं छायाचित्रें काढून ते सायंकाळीं पुण्यास परततात. त्याच रस्त्यानें आपला दूधवाला रोज पहांटे धुक्यांत, दोन्ही बाजूंस भरलेल्या किटल्या लावून, शंभर सी.सी.च्या गाडीवर जातो. त्याच्या प्रवासाला कोणी साहस म्हणत नाहीं. त्याची स्प्लेंडर सुमारें ११२ किलो वजनाची असते व तिची बैठक ७८५ मिलिमीटर उंचीवर असते. टीआरके ५०२ चें वजन सुमारें २३५ किलो. ३९० ॲडव्हेंचर २०२० सालीं आली तेव्हां तिची बैठक ८५५ मिलिमीटरांवर होती. चिखलांत गाडी आडवी झाली व मदतीला दुसरें कोणी नसलें, किंवा मागें नऊवारी नेसलेली आई बसावयाची असली, म्हणजे या आंकड्यांचा अर्थ कळतो. स्प्लेंडर बिघडली तर पौडचा मिस्त्री ती तासाभरांत चालती करून देतो. परदेशी गाडीचा एखादा भाग मागवावा लागला तर तितके दिवस कामावर कसें जावयाचें?

पेट्रोलचाहि हिशेब करून पाहूं. रोज चाळीस किलोमीटर जाणेंयेणें आहे व पेट्रोल शंभर रुपये लिटर आहे असें धरा. पुण्यांत तें त्याहून थोडें महागच आहे. लिटरला साठ किलोमीटर जाणाऱ्या गाडीस दिवसाला सुमारें सदुसष्ट रुपये लागतात. तीस किलोमीटर जाणाऱ्या गाडीस एकशें तेहेतीस. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाचा फरक वीस हजार रुपयांचा होतो. याशिवाय विमा, टायर व कर्जाचा हप्ता. त्यांत २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या गाड्यांवरील वस्तु व सेवा कर अठरा टक्क्यांवर आला, आणि त्यावरच्या गाड्यांचा चाळीस टक्क्यांवर गेला. ज्या गाडीविषयीं आपला वाद चालला आहे ती बहुतेक वेळां या रेषेच्या पलीकडे पडते.

म्हणून माझें मत असें आहे. ही गाडी आपल्याकडे थोड्या लोकांत, हौशी व मिळवत्या लोकांत, यशस्वी होईल; नव्हे, कांहीं प्रमाणांत ती झालीच आहे. परंतु तिला अधिक पसरावयाचें असेल तर तीन अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत. ती येथें बनावी व तिची किंमत येथील पगाराशीं जुळावी, ही पहिली. तिची उंची, वजन व मागची बैठक आपल्या माणसांना मानवावी, ही दुसरी. तालुक्याच्या गांवीं तिची दुरुस्ती व्हावी, ही तिसरी. आणि ती त्या मुलीनें सांगितली आहे.

आतां विद्यार्थिमित्रांनो, दोन शब्द तुमच्यासाठीं. कंपनीचें यश विक्रीच्या आंकड्यानें मोजतात. घराचें यश तसें मोजतां येत नाहीं. आपल्या तालुक्यांत जमिनीला भाव आला, तसा गुंठे विकून गाडी घेण्याचा प्रघात पडला आहे. १९२१ सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. त्यांच्या पुढाऱ्यांत सेनापति बापट प्रमुख होते. जमीन राहावी म्हणून त्या वेळीं पुरुषांनीं व स्त्रियांनींहि तुरुंगवास भोगला. तरी धरण झालें व गांवें पाण्याखालीं गेलीं. जी जमीन उरली ती त्यांच्या पणतवंडांनीं दहा वर्षांत झिजणाऱ्या यंत्रासाठीं आपण होऊन द्यावी, हें पाहून मला फार वाईट वाटतें. गाडी घेऊं नये असें मी म्हणत नाहीं. स्वतःच्या कमाईनें घ्यावी, एवढेंच म्हणतों. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा प्रभु येशूनें दिलेला दाखला प्रार्थनेच्या वेळीं तुम्हीं अनेकदां ऐकला आहे. अर्धा बांधून सोडलेला बुरूज आणि हप्ते थकल्यामुळें बँकेनें ओढून नेलेली गाडी यांत फारसें अंतर नाहीं.

पालकांनाहि एक विनंति आहे. गिअरची मोटारसायकल चालविण्यास अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. कायद्याची भीति बाजूस ठेवली तरी ताम्हिणीच्या ओल्या वळणावर मुलाचें वय मोठें होत नाहीं, हें ध्यानांत असावें.

चाकण व हिंजवडी आपल्यापासून दूर नाहींत. तेथें नट आवळणारे हात आपल्या तालुक्यांतून पुष्कळ गेले. पौडला दुरुस्त होईल अशी गाडी आंखणारा एखादा विद्यार्थी, किंवा ती विद्यार्थिनीच, या शाळेंतून जावी असें मला मनापासून वाटतें. त्यासाठीं गणित व पदार्थविज्ञान यांच्या तासाला त्या शनिवारच्या निम्मा तरी उत्साह पुरे आहे.

असो. त्या दिवशीं ठराव मोठ्या बहुमतानें संमत झाला, हें नमूद करणें अध्यक्षाचें कर्तव्य आहे. पुढील वर्षीं मंडळानें हाच विषय पुन्हां घ्यावा, आणि प्रत्येक वक्त्यानें आईवडिलांबरोबर बसून केलेला पांच वर्षांच्या खर्चाचा कागद सोबत आणावा. मग ठराव कोणत्याहि बाजूनें पडो, माझी तक्रार राहणार नाहीं.