विश्लेषण : स्वस्त रेकॉर्ड प्लेअर महागात का पडतो? कमी बजेटमध्ये एलपी ऐकायच्या असतील तर...

सणासुदीच्या ऑनलाइन सेलमध्ये हल्ली एक वस्तू हमखास दिसते. छोट्या सुटकेससारखी पेटी, झाकण उघडले की फिरणारी तबकडी, आत बसवलेले दोन स्पीकर आणि वर ब्लूटूथही. किंमत साधारण पाच ते आठ हजार रुपये. माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्ड्सचा गठ्ठा पडलेला असतोच, मग ‘एकदा वाजवून तर बघू’ म्हणून ही पेटी घरी येते. आजोबांची सगळ्यात जपलेली रेकॉर्ड सगळ्यात आधी तिच्यावर चढते.

नेमका हाच क्रम उलटा करण्याची गरज आहे. कमी पैशांत रेकॉर्ड्स ऐकणे शक्य आहे. मात्र काटकसर प्लेअरवर न करता रेकॉर्ड्सच्या खरेदीत करावी लागते. आणि नव्या प्लेअरवर पहिली लावायची ती रेकॉर्ड माळ्यावरची नसावी.

एलपीची मागणी खरेच वाढली आहे का?

हो. अमेरिकेतील रेकॉर्डिंग उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये तिथे ४ कोटी १० लाखांहून अधिक विनाइल रेकॉर्ड्स विकल्या गेल्या, तर सीडी ३ कोटी ३० लाखांच्या आसपास. नगांच्या हिशेबाने विनाइलने सीडीला मागे टाकण्याची १९८७ नंतरची ही पहिलीच वेळ होती. भारतातली बाजारपेठ त्या मानाने खूपच लहान. मुंबईच्या काळा घोडा भागातले ‘रिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा हातात घेऊन संगीत विकत घेण्याचा काळ संपला असेच अनेकांना वाटले होते. आता जुन्या हिंदी चित्रपटांच्या एलपी नव्याने छापून विक्रीला येत आहेत आणि विशी-तिशीतले ग्राहक त्या घेत आहेत.

एलपीचा आवाज मोबाइलपेक्षा चांगला असतो का?

मोजमापाच्या कसोटीवर नाही. खरखर, आवाजाची पातळी, वेगातला चढउतार अशा प्रत्येक बाबतीत साधी सीडीसुद्धा एलपीच्या पुढे आहे. स्ट्रीमिंग ॲपवर महिन्याला शे-दीडशे रुपयांत जे मिळते, ते रेकॉर्ड्सवर हजारो रुपये घालूनही मिळणार नाही. ‘शुद्ध आवाज’ एवढ्या एकाच कारणासाठी टर्नटेबल घेणाऱ्याने ते पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च करावेत.

रेकॉर्ड्स घेण्याची खरी कारणे दोन. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटे चालते आणि ती मधे न उडवता ऐकली जाते. शिवाय जुने ध्वनिमुद्रण असे बरेच आहे, जे कोणत्याही ॲपवर नाही. मराठी घरांच्या दृष्टीने हे दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. नाट्यसंगीत, भावगीते, लोकगीते, कीर्तने यातले कितीतरी फक्त तबकडीवरच उरले आहे.

सुटकेस प्लेअरची अडचण काय?

रेकॉर्डवरची खाच म्हणजे केसाएवढी बारीक नागमोडी वाट. तिच्या दोन भिंतींवर आवाज कोरलेला असतो. त्या वाटेतून हिऱ्याचे किंवा नीलमण्याचे टोक असलेली सुई सरकते, थरथरते आणि त्या थरथरीतून वीज तयार होते. सुई खाचेवर किती भाराने टेकते, याला ट्रॅकिंग फोर्स म्हणतात. बऱ्या टर्नटेबलमध्ये तो दीड ते साडेतीन ग्रॅमच्या दरम्यान असतो. सुटकेस प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि भार पाच-सहा ग्रॅमच्या घरात जातो. तो कमी-जास्त करण्याची सोय नसते.

एकदा वाजवल्याने रेकॉर्ड खराब होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. झीज हळूहळू साठत जाते आणि आधी वरचे स्वर जातात. गायिकेचा ‘स’ फाटू लागतो, झांजा खरखरतात. झिजलेली खाच पुन्हा भरून येत नाही. दुसरी अडचण स्पीकरची. ते त्याच पेटीत असल्याने त्यांचा हादरा सुईपर्यंत पोहोचतो. आवाज वाढवला की सुई उडी मारते.

‘काहीच नसण्यापेक्षा हे बरे,’ असा युक्तिवाद यावर केला जातो. रद्दीच्या भावात मिळालेल्या, सहज दुसरी मिळेल अशा एलपीसाठी तो मान्य करता येईल. घरात जी एकच आहे, तिच्यासाठी नाही.

माळ्यावरची रेकॉर्ड कोणती, हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न प्लेअर घेण्याच्या आधीचा आहे. ‘जुन्या रेकॉर्ड्स’ म्हणून जे एकत्र ठेवलेले असते, त्यात दोन वेगळ्या जातीच्या वस्तू असतात. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी विनाइलची एलपी आणली. त्याआधीच्या रेकॉर्ड्स ७८ फेऱ्यांच्या आणि लाखेच्या. भारतात १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले ते याच जातीच्या तबकडीसाठी. आपल्याकडे ७८ च्या रेकॉर्ड्स बराच काळ टिकल्या. साठच्या दशकात बीटल्सची गाणीही भारतात ७८ वर निघाली.

साधा हिशेब असा : मास्टर दीनानाथ मंगेशकर १९४२ मध्ये गेले, अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये. म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या रेकॉर्ड्स ७८ च्याच. बालगंधर्वांच्या भरातल्या काळातल्याही तशाच. आकारावरून मात्र ठरवू नये, कारण दोन्ही जातींत दहा आणि बारा इंची तबकड्या आहेत. रेकॉर्ड हातात जड लागते, लवत नाही, एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे एकच गाणे आहे, तर ती ७८ ची. ती हातातून पडली तर काचेसारखी फुटते.

फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींची सुई वेगळी. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, तर ७८ च्या सुईची ७५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे चौपट. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी लोळते. गाणे दबते आणि खरखर वाढते. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असल्याने सुईचे टोकही घासले जाते. तीच दुखावलेली सुई पुढे एलपीवर चालते आणि तिची खाच खरवडते. एका चुकीत दोन नुकसाने. सुटकेस प्लेअरवर ‘७८’ असा खटका असतो, पण त्याने फक्त वेग बदलतो. सुई एलपीचीच राहते.

मग २५ हजारांत काय घेता येईल?

किमती दुकानागणिक आणि सेलगणिक बदलतात, त्यामुळे आकडे ढोबळ समजावेत. बजेटचा निम्म्याहून थोडा जास्त वाटा प्लेअरला द्यावा. या गटातले एक प्रचलित उदाहरण म्हणजे ऑडिओ-टेक्निकाचे एटी-एलपी६०एक्स. ते आपोआप सुरू आणि बंद होते, सुईचा भार तीन ग्रॅमच्या आसपास कारखान्यातूनच ठरवलेला असतो आणि सुई बदलता येते. ते ३३ आणि ४५ वर चालते, ७८ वर नाही. दुसऱ्या कंपनीचे घेतले तरी तीन गोष्टी तपासाव्यात : मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, बाजारात सहज मिळणारी सुई आणि आतच असलेला फोनो प्रीॲम्प.

प्रीॲम्प कशाला? कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे वाढवलेले असतात. प्रीॲम्प सिग्नल मोठा करतो आणि ही वजाबाकी-बेरीज उलटी करून गाणे मूळ रूपात आणतो. तो नसेल तर आवाज डासासारखा बारीक येतो. घरातल्या जुन्या स्टीरिओवर ‘फोनो’ असे लिहिलेले भोक असेल, तर प्रीॲम्प त्यात आहेच. अशा वेळी प्लेअरमधला बंद ठेवावा, दोन्ही सुरू राहिले तर आवाज फाटतो.

स्पीकर नवे घ्यायलाच हवेत असे नाही. ऑक्सची सोय असलेले होम थिएटर घरात असेल, तर सुरुवातीला तेच चालेल. नाही तर पाच-सात हजारांचे, ॲम्प आतच असलेले स्पीकर पुरतात. ते प्लेअरच्या टेबलावर मात्र ठेवू नयेत. उरलेल्या पैशांत कार्बन फायबरचा ब्रश, आतली नवी पाकिटे आणि चार-पाच जुन्या एलपी येतात. सुई कायमची नसते, हेही लक्षात ठेवावे. साध्या सुईचे आयुष्य साधारण तीनशे ते पाचशे तास. रोज एक एलपी ऐकली तर साधारण सव्वा ते दोन वर्षे.

बाजारातला जुना प्लेअर किंवा पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन?

एचएमव्हीचे, फिलिप्सचे जुने प्लेअर दिसायला सुरेख असतात. काहींत एलपी आणि ७८ साठी उलटणारी सुईही असते. पण रबरी चाक कडक झालेले, कार्ट्रिज मेलेले आणि सुई मिळत नाही, अशी अवस्था नेहमीची. दुरुस्त करणारा माहीत असेल तरच त्यात पडावे.

पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन तर शोभेची वस्तू समजावा. बाजारातले असे कितीतरी ग्रामोफोन सुटे भाग जोडून नव्याने बनवलेले असतात. त्याची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. त्यावर चुकूनही एलपी लावू नये. पहिल्याच फेरीत खाच नांगरली जाते.

रेकॉर्ड्स कुठे आणि कशा घ्याव्यात?

काटकसर इथे करायची. नवी आयात एलपी दोन-तीन हजारांच्या पुढे जाते. त्या पैशांत मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पाच-सहा जुन्या एलपी मिळू शकतात. घासाघीस चालते. पाकिटाकडे पाहून भाव ठरवू नये, रेकॉर्ड बाहेर काढून प्रकाशात तिरकी धरावी. वरवरच्या केसासारख्या रेषा फारशा त्रास देत नाहीत, नखाला लागणारा चरा ‘टक टक’ करतोच. खाचा राखाडी, निस्तेज दिसत असतील तर ती झिजलेली आहे. डोळ्यांच्या रेषेत धरून वाकली आहे का पाहावे. पाकिटात भलतीच रेकॉर्ड असण्याचा प्रकारही नवा नाही. ‘१८० ग्रॅम’ या स्टिकरला भुलू नये. जाड तबकडी सहसा वाकत नाही, पण त्यामुळे गाणे चांगले वाजते असे नाही.

आपल्या हवेत त्या कशा जपाव्यात?

मुंबई-कोकणातला पावसाळा हा रेकॉर्ड्सचा मोठा शत्रू. कागदी पाकिटात ओल धरते आणि खाचेत बुरशी बसते. एलपी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर कापडाने, खाचेच्या दिशेने गोल पुसावी. लेबल कोरडे ठेवावे. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही लावू नये. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश तयार करतो. रेकॉर्डवरची लाखही तशीच विरघळते. रेकॉर्ड्स उभ्या ठेवाव्यात, गठ्ठा करून आडव्या नाही. पत्र्याखालचा माळा आणि उन्हात उभी असलेली गाडी या दोन जागा टाळाव्यात.

आजोबांच्या रेकॉर्ड्सचे काय करायचे?

थोडे थांबायचे. आधी लेबलवरची नावे आणि क्रमांक मोबाइलवर टिपून घ्यावेत, फोटो काढावेत. एलपी असतील तर नव्या प्लेअरवर दहा-वीस स्वस्त रेकॉर्ड्स वाजवून हात बसल्यानंतर त्या लावाव्यात. ७८ च्या असतील तर ७८ ची वेगळी सुई बसणारा प्लेअर ज्याच्याकडे आहे, अशा संग्राहकाकडून त्या एकदाच नीट वाजवून डिजिटल रूपात उतरवून घ्याव्यात. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेमुळे अशा जाणकारांचे जाळे महाराष्ट्रात तयार झाले आहे.

एलपीची लाट ओसरेल तेव्हा प्लेअर ओएलएक्सवर विकता येईल, स्पीकर टीव्हीला जोडता येतील. एखाद्या विस्मरणात गेलेल्या गायकाची कदाचित शेवटची उरलेली तबकडी मात्र पुन्हा छापून येणार नाही. पाच हजारांची पेटी आज घेण्यापेक्षा तीन महिने पैसे साठवून पंधरा हजारांचा प्लेअर घेणे, यात वाचतात ते फक्त पैसे नव्हेत. तोवर माळ्यावरचा गठ्ठा खाली उतरवून, धूळ झटकून उभा करून ठेवावा. त्याला एक रुपयाही लागत नाही.