जुन्या गाडीचा नवा खर्च

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरातील मंडळींनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, हे आपण अजूनही अभिमानाने सांगतो. पण अशा महागड्या गाड्या पुढे दुसऱ्या-तिसऱ्या हाती जातात, तेव्हा काय होते?

माझ्या थोरल्या भावाने जमिनीच्या पैशातून एक जुनी, वेगवान विलायती सेडान घेतली. गाडीची किंमत उतरली होती. सुट्या भागांची नव्हती. ब्रेक, टायर, गिअरबॉक्स, सारी बिले नव्या गाडीची! आज ती दारात उभी आहे आणि वडील सायकलने कामाला जातात.

घरात कॉलेजात शिकणारा मी पहिलाच. हिशेब मला विचारायला हवा होता, मीही गप्प बसलो. मित्रहो, जुनी गाडी जरूर घ्या. पण आधी दुरुस्तीच्या नोंदी पाहा आणि वर्षाचा खर्च बाजूला काढा. तो निघत नसेल, तर गाडी आपली नव्हे.