वस्ती वसवावी लागते

काशीतली मराठी वस्ती का आटली, याचे उत्तर एका विद्वान गृहस्थांनी देऊन टाकले आहे. मुले नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेली. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट इथले वाडे पडायला आले. त्यांची अतिथिगृहे झाली तर इमारती वाचतील. स्वस्त घरे मागणे हा फुकटेपणा आहे आणि बाजाराच्या आड कोणी येऊ नये, असे त्यांचे म्हणणे.

मुले गेली हे खरे. पण त्यांचे आईवडील, शेजारचे गुरुजी, शाळामास्तर इथेच आहेत. इमारत वाचते हेही खरे. पण बिऱ्हाड उठते.

बाजाराची गोष्ट मात्र मी सोडणार नाही. ही वस्ती बाजाराने वसवलेलीच नाही. 18व्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी नावाड्यांकडून जमीन घेऊन ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट बांधले, भोवती घरे उभारली, माणसे आणून वसवली. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांनी घाट, वाडे, अन्नछत्रे उभी केली. पंचगंगेवरचे आजचे बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींचे. वेद शिकायला आलेल्या कोकणातल्या निर्धन मुलाला, काशीवासाला आलेल्या विधवेला गंगेकाठी एक खोली बाजारभावाने कधी परवडली असती? कोणीतरी पदरमोड केली म्हणून ती माणसे राहिली. त्या वस्तीने काशीला वैदिक दिले, शास्त्री दिले. 1883 साली काशीतच जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर हिंदी पत्रकारितेचे आधारस्तंभ झाले. फुकटेपणाचा हा आरोप पूर्वी अन्नछत्रांवरही झाला होता. फुकट जेवणाने माणसे आळशी होतात, असे तेव्हा सांगत. त्याच पंगतीतून उठून पोरे पाठशाळेत जात होती, हे सांगायचे राहून जाई.

आणि आज तरी बाजार मोकळा आहे का? विश्वनाथ मंदिराभोवती उभारलेल्या विश्वनाथ धामासाठी तीनशेच्या आसपास इमारती सरकारी पैशाने विकत घेतल्या गेल्या; डिसेंबर 2021 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. यात्रेकरूसाठी सरकार बाजारात उतरते, तेव्हा कोणाचे तत्त्व दुखावत नाही. रहिवाशाचे नाव काढले की तत्त्व आठवते. उत्तर प्रदेशच्या 2021 च्या भाडेकरू कायद्याने राहत्या घराचे भाडे वर्षाला 5 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. लॉजला ती मर्यादा नाही. म्हणून बिऱ्हाड उठवून खोली रात्रीच्या हिशेबाने देणे मालकाला परवडते. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेतून घर बांधायला केंद्राचे दीड लाख मिळत, पण जमीन स्वतःची हवी असे. वाड्यातल्या भाडेकरूकडे जमीन कुठली? शिवाय गंगेपासून 200 मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी. स्वस्त घर मिळालेच तर शहराच्या कडेला. पहाटे घाटावर पूजा सांगणाऱ्याने तिथून यायचे कसे?

परक्यांनी आपल्याला हटवले, असे म्हणणारेही आहेत. त्यांचेही मला पटत नाही. आपले पूर्वजही इथे बाहेरूनच आले आणि नावाड्यांच्या जमिनीवर राहिले. बारा महिने राहणारा शेजारी, मग तो विणकर असो की मल्लाह, नेपाळी असो की बंगाली, वस्तीचाच माणूस आहे. भाडे वाढले की तोही आपल्याबरोबरच उठतो.

मग करायचे काय? धर्मादाय विश्वस्तांच्या वाड्यांत निम्म्या खोल्या तरी कायम राहणाऱ्यांना माफक भाड्याने द्याव्यात. दुरुस्तीला सरकारी मदत द्यावी, पण जुना भाडेकरू परत येईल या लेखी अटीवर. प्रत्येक गल्लीत पाहुण्यांच्या खोल्यांना मर्यादा घालावी. आवास योजनेच्या 2024 च्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. त्याचा पैसा जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीकडेही वळवावा. पाटणकरांनी एकट्याने जे केले, ते आज विश्वस्त, सरकार आणि आपण मिळून करू शकतो. तेवढेही करायचे नसेल, तर वस्ती आपोआप गेली असे तरी कोणी म्हणू नये.